रामटेके बाईंचं रोजचं खोटं

रामटेके बाईंनी मला सांगितलेली पहिलीच गोष्ट खोटी निघाली. चंद्रपूरच्या आरोग्य प्रशिक्षण केंद्रात मी नवीन रुजू झालो होतो. हजेरी घेणं, प्रोजेक्टर लावणं, प्रशिक्षणाला येणाऱ्या मुलींच्या राहण्याजेवणाकडे पाहणं, असली कामं माझ्या वाट्याला आली होती. पहिल्या सकाळी पांढऱ्या साडीतली, साडीवर उलटं घड्याळ टाचलेली एक सडसडीत बाई समोर आली आणि म्हणाली, "भाऊ, वरच्या हॉलमध्ये जाचं असंल तं मांगून जा. समोरची मधातली पायरी खचली हाये." मी मागून जाऊ लागलो. मागची वाट म्हणजे स्वयंपाकघराचं सांडपाणी आणि त्यावर बसलेली कोळशाची काळी धूळ. चांगला आठवडाभर मी चपला धूत होतो. शेवटी शिपायालाच माझी दया आली. "साहेब, तुम्ही असे मांगून काऊन येता?" म्हणाला. समोरच्या पायऱ्या ठणठणीत होत्या.

मी तणतणत बाईंकडे गेलो. त्या पुतळ्याच्या पोटात कापसाचं बाळ भरत होत्या. बाळंतपण शिकवायला आमच्याकडे कमरेपासून मांड्यांपर्यंतचा एक रबरी पुतळा होता, त्याला मुली 'काकू' म्हणायच्या.

"पायरी तुम्ही डोयानं पाह्यली होती काय?" बाईंनी मलाच विचारलं.

"नाही. तुम्ही सांगितलं ना!"

"मी सांगितलं म्हून?" बाईंनी काकूचं पोट बंद केलं. "अन् हे आता पोरीयले सांभाळाले आले."

मला राग आला होता, हे सांगून टाकतो. या बाईला माझी नेमणूक रुचलेली नाही, मला पळवून लावायचा हा डाव आहे, अशी माझी खात्री झाली. पुढे कळलं की माझ्यावर काही खास मेहेरबानी नव्हती. त्या सगळ्यांशीच खोटं बोलायच्या.

आमच्याकडे नव्यानं नेमणूक झालेल्या एएनएम, म्हणजे गावच्या नर्स मुली यायच्या. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या आडगावांतल्या उपकेंद्रांवर जाऊन ज्यांना एकटीनं बाळंतपणं करायची होती, त्या. बाई पहिल्याच दिवशी त्यांना सांगायच्या, "पोरीहो, मी रोज एक गोष्ट खोटी सांगीन. कवा सांगीन ते माहीत नाई. पकडाची. पकडली तं टाळी, नाई पकडली तं संध्याकाळी मीच सांगीन, अन् मंग तुमची काई खैर नाई." मुली हसायच्या. दुसऱ्या दिवशी बाई अगदी सरळ चेहऱ्यानं सांगायच्या की बीपीचा पट्टा ब्लाउजच्या बाहीवरून बांधला तरी चालतो, आणि सगळ्या मुली माना डोलावत वहीत उतरवून घ्यायच्या. संध्याकाळी बाईंच्या तोंडाचा असा काही पट्टा सुटायचा की स्वयंपाकघरातल्या बायासुद्धा भांडी घासायच्या थांबायच्या.

मग संशयाची साथ पसरायची. बाई म्हणाल्या, जेवायला पुरी-भाजी आहे, की एक मुलगी आत जाऊन कढईत डोकावून यायची. बाई म्हणाल्या, उद्या एसटी बंद आहे, की दोघीजणी डेपोत फोन लावायच्या. खोटं पकडलं गेलं की बाई लहान मुलीसारख्या टाळी वाजवायच्या, "पकडली वं माय!" म्हणायच्या आणि तोंडभर हसायच्या. बाईंना हसताना पाहायचं असेल तर त्यांचं खोटं पकडावं, एरवी ते दर्शन दुर्मीळ. मला मात्र या सगळ्याचा ताप झाला. एकदा नगरपालिकेचा माणूस सांगून गेला की उद्या नळाला पाणी येणार नाही. मी मुलींना बादल्या भरून ठेवायला सांगितलं. एकीनंही भरली नाही. दुसऱ्या दिवशी भर मे महिन्यात, चंद्रपूरच्या त्या उन्हात, अख्खी बॅच बिनआंघोळीची वर्गात येऊन बसली. मी बाईंकडे तक्रार केली.

"तुम्ही त्या मानसाले इचारलं काय, काऊन येनार नाई म्हून?" बाई म्हणाल्या. "इचारलं असतं तं पोरीयले कारन सांगता आलं असतं. कारन सांगा, मंग भरतेत बादल्या."

बाई ब्रह्मपुरीकडच्या. वडिलांनी ऐन तरुणपणी बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली. घरात एकच शिस्त होती म्हणे, की थोरल्यांनी सांगितलं, पोथीत लिहिलं, सगळे करतात, एवढ्यावर कुठलीच गोष्ट मानायची नाही. "माह्या बापाले मी इचारलं होतं, की हे तरी काऊन मानू?" असं त्या अभिमानानं सांगायच्या. बापानं काय उत्तर दिलं, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. मला तर शंका होती की हा बापही त्यांच्या रोजच्या खोट्यातलाच असावा.

शंका यायला कारण होतं. बाईंना हा नाद कशामुळे लागला, हे मी त्यांना वेगवेगळ्या वेळी विचारलं आणि तीन वेळा तीन वेगळ्या हकिकती ऐकल्या. पहिल्यांदा त्यांनी जिवतीच्या डोंगरातलं एक गाव सांगितलं. तिथे बाळंतिणीच्या सासूनं हट्ट धरला की सुई टोचा, लवकर मोकळी होऊ द्या. नव्या नोकरीतल्या बाईंनी टोचली आणि बाळ हाती लागलं नाही. दुसऱ्यांदा तेच गाव सिरोंच्याकडे गेलं. तिथे सासू नव्हती, वरिष्ठ सिस्टर होती. बाळंतीण पांढरी पडत चालली आहे असं बाईंना दिसत होतं, वरिष्ठ म्हणाली, थकली आहे, झोपू दे. बाईंनी झोपू दिलं आणि ती उठलीच नाही. तिसऱ्यांदा हकिकत आणखी जवळ आली. बाईंची धाकटी बहीण, तिची पहिली खेप, आणि दवाखान्यात न्यायला उद्यापर्यंत थांबू असं म्हणणारे घरचे पुरुष. तिसरी ऐकल्यावर मी मनात म्हटलं, बाई, आता पुरे. रोज एक खोटं ठीक आहे, पण मेलेल्या माणसांची खोटी कशाला रचता? तेव्हापासून मी त्यांना ते विचारणंच सोडलं.

त्या साली बाईंच्या निवृत्तीला काही महिनेच उरले होते, आणि तेव्हाच सुशीला पुंगाटी आमच्याकडे आली. हेमलकशाच्याही पुढे, नदीपलीकडच्या एका माडिया गावची पोर. आश्रमशाळेत शिकलेली, ठेंगणी, सावळी, तेल लावून चापूनचोपून वेणी घातलेली. तिच्या गावाजवळचं उपकेंद्र कितीतरी दिवस कुलूपबंद होतं, आणि ती पास झाली की तिलाच तिथे पाठवायचं ठरलं होतं. गावातून ती निघाली तेव्हा नदीपर्यंत अख्खं गाव पोचवायला आलं होतं, असं तिच्याबरोबरची मुलगी सांगायची. सुशीलाचा हात हलका होता, पाठांतर चोख होतं. मला वाटलं, ही पहिली येणार.

बाईंना वाटत नव्हतं. "ही पोरगी लय हो म्हनते," त्या मला म्हणाल्या.

आणि ते खरं होतं. कळलं का? हो बाई. असं करायचं ना? हो बाई. बाईंनी एकदा भर वर्गात तिला विचारलं, "सुशीला, तुह्या गावाकडे रातच्याले दोन दोन चंद्र निंघते म्हनते. खरं काय?" सुशीला उभी राहिली. क्षणभर बाईंच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "हो बाई." वर्ग खो खो हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी तिला बसायला सांगितलं आणि मधल्या सुट्टीत मला म्हणाल्या, "हिले मी पास नाई करत."

माझं डोकं फिरलं. जंगलातली मुलगी म्हणून बाई हिच्यावर खार खातात की काय, असा माझा संशय होता आणि तो मी बोलूनही दाखवला. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"भाऊ, ते तिथी एकटी राहीन. पान्याच्या दिवसात नदी भरली की तिकडे चिडी बी जात नाई. बाळंतनीचे घरचे म्हनतीन, सुई दे, लवकर होऊ दे. फोन लागला तं इकडून कोनी साहेब काई बी सांगंल, त्याले बाई दिसत नाई, पोट दिसत नाई. अन् हे म्हनंल, हो साहेब. तिले सारं येते. नाई म्हनता येत नाई. मंग बाकीचं येऊन काय कामाचं?"

मी जेवताना सुशीलाला गाठलं. म्हटलं, बाई चुकीचं बोलताहेत हे तुला कळत नाही का? ती ताटातला भात चिवडत राहिली. "कळते भाऊ," ती म्हणाली. "पन मोठ्या मानसाले नाई कसं म्हनाचं?" थोड्या वेळानं तिनं आणखी एक सांगितलं, की मराठीत 'नाही' म्हणताना तिला भांडल्यासारखं वाटतं. मी ते बाईंच्या कानावर घातलं. बाईंनी दुसऱ्या दिवशी तिला विचारलं, "तुमच्यात नाईले काय म्हनतेत?"

"हिल्ले."

"मंग हिल्ले म्हन. मले समजंल."

"हो बाई," सुशीला म्हणाली. बाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

शेवटच्या परीक्षेच्या आदल्या दिवसाची गोष्ट. सकाळच्या तासाला बाई म्हणाल्या की बाळ जन्मल्या जन्मल्या आधी गरम पाण्यानं आंघोळ घालायची. मागच्या बाकावरून पोरी एकदमच ओरडल्या, "खोटं! अंग पुसून आईच्या छातीशी द्याचं!" बाईंनी टाळी वाजवली, "पकडली वं माय!" म्हणाल्या, हसल्या. त्या दिवसाचं खोटं आटोपलं. मुलींच्या मानेवरचं ओझं उतरलं, आता संध्याकाळपर्यंत बाई जे सांगतील ते डोळे मिटून मानायला हरकत नव्हती. मीही पंख्याखाली खुर्ची ओढून निवांत बसलो.

दुपारी काकूचं बाळंतपण निघालं. बाई स्वतः करून दाखवत होत्या, सुशीला मदतनीस म्हणून शेजारी उभी होती. कापसाचं बाळ आलं. बाईंनी ते पुसलं, काकूच्या पोटावर ठेवलं, आणि सुशीलापुढे हात केला. "दे इंजेक्शन." बाळ जन्मल्यावर आईला रक्तस्राव होऊ नये म्हणून हे इंजेक्शन देतात. मुली लिहून घेत होत्या. सुशीलानं सुई भरून हातात धरलेली होती. ती पुढे करेना.

"दे ना वं."

सुशीलानं सुई पाठीमागे नेली. बाईंचा हात तसाच पसरलेला होता.

"काय झालं? दे."

"हिल्ले," सुशीला म्हणाली. आणि मग एकदम मोठ्यानं, "हिल्ले बाई! पोट नाई पाह्यलं. आतमध्ये दुसरं असंल तं?"

हे इंजेक्शन देण्याआधी आईच्या पोटावर हात ठेवून आत जुळ्यातलं दुसरं बाळ नाही ना, ते पाहायचं असतं. असलं आणि सुई दिली, तर गर्भाशय त्या आतल्या बाळावरच आवळतं. बाईंनी हेच प्रत्येक बॅचला घसा बसेपर्यंत सांगितलेलं. वर्गात आधी कोणाच्या काही लक्षात आलं नाही, मग सगळ्यांच्या एकदमच आलं, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. "बाई, आज दोन दोन खोटं!" कोणीतरी ओरडलं. बाईंनी पसरलेला हात हळूच खाली आणला आणि काकूच्या रबरी पोटावर ठेवला.

"हो," त्या म्हणाल्या. "दोन."

मी खुर्चीत सरळ झालो. कोणालाही नुसतं 'हो' म्हणून मोकळं होणं बाईंच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी टाळीही वाजवली नव्हती.

संध्याकाळी त्या माझ्या टेबलाशी येऊन बसल्या. चहा सांगितला तर नको म्हणाल्या. "भाऊ, ते खोटं नोहोतं," त्या म्हणाल्या. "मी इसरली. अन् इसरली हे बी मले समजलं नाई. पोरीनं हात आखडला तवा बी मले वाटलं, हे काऊन देऊन नाई राह्यली."

मी म्हटलं, बाई, पुतळा होता तो, आणि एवढी चूक कोणाच्याही हातून होते. मुलींना वाटतंय तुम्ही मुद्दाम केलं, वाटू द्या की. त्या माझ्याकडे अशा पाहत राहिल्या की मी पुढचं वाक्य गिळलं. "रोजचं खोटं सापडलं की पोरी डोये मिटते," त्या म्हणाल्या. "तुम्ही बी मिटले. हे मीच शिकवलं न भाऊ, इतक्या सालापासून. एक पकडा अन् झोपा."

दुसऱ्या सकाळी परीक्षेआधी त्या वर्गासमोर उभ्या राहिल्या. नेहमीच्याच कोरड्या आवाजात म्हणाल्या, "पोरीहो, काल दुपारी मी खोटं नाई बोलली. ते माही चूक होती. मी पोट पाहाचं इसरली होती."

पहिल्या बाकावरची मुलगी टुणकन उठली. "पकडलं! बाई कवाच चुकत नाई! हे आजचं खोटं!" आणि सगळा वर्ग टाळ्या पिटू लागला. बाई म्हणाल्या, "नाई वं, खरंच सांगून राह्यली." त्यावर टाळ्या आणखीच वाढल्या. बाई किती सरळ चेहऱ्यानं खोटं बोलतात हे या मुलींना एव्हाना पाठ झालं होतं. बाईंनी दोन्ही हात वर केले, टेबल बडवलं, बापाची शपथ घेतली. शपथेला तर हशाच पिकला. मी उभा राहून काही बोलू लागलो, तर माझ्यावरही कोणी विश्वास ठेवेना, नळाच्या पाण्यासारखंच झालं. मी बाईंना आयुष्यात पहिल्यांदा हतबल पाहिलं. त्या टेबलाला धरून उभ्या होत्या आणि समोर सगळ्या आनंदानं त्यांना खोटं ठरवत होत्या.

तेवढ्यात सुशीला उठली.

"नाई," ती म्हणाली. या वेळी मराठीत. "बाई खरं बोलून राह्यल्या."

"तुले काय माहीत?" पहिल्या बाकावरून आवाज आला.

"खोटं पकडलं का बाई टाळी वाजवते. काल नाई वाजवली. मी सुई नाई दिली, तं बाईचा हात तसाच राह्यला होता. मी जवळ होती. बाई भेली होती." तिनं वर्गाकडे पाहिलं, आणि तिचा आवाज चिरकला, पण ती बसली नाही. "तुम्ही काऊन हासता? बाई चुकली. मोठं मानूस बी चुकते."

हशा थांबला. अख्ख्या वर्गाला, तोंडावर, एकटीनं 'नाही' म्हणून ती पोर उभी होती. बाईंनी पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाल्या, "सुशीला, आता तुले सारं येते ना?"

सुशीलानं विचार केला. "नाई बाई," ती म्हणाली.

"बस. तुही परीक्षा झाली."

बाकीच्यांची परीक्षा दुपारपर्यंत चालली. सुशीला नदीपलीकडच्या उपकेंद्रावर रुजू झाली. बाईंनी त्यानंतर काकूला हात लावला नाही. केंद्राच्या साहेबांना जाऊन सांगितलं की करून दाखवायचं काम आता दुसऱ्या कोणाला द्या, मी बाजूला बसून पाहीन. साहेब म्हणाले, राहू द्या हो बाई, थोडेच महिने उरलेत. बाई म्हणाल्या, "तेवढ्यात किती पोरी शिकून जातीन, साहेब." पुढच्या बॅचला त्यांनी रोजचं खोटंही बंद केलं. त्याऐवजी पहिल्या दिवशी एवढंच सांगायच्या, की मी मागच्या खेपेला एक चूक केली होती, आणि एका पोरीनं सुई दिली नाही. ती हकिकत त्या बारीकसारीक तपशिलासकट सांगायच्या, स्वतःला कुठेही न वाचवता. मुली गंभीर होऊन ऐकायच्या. मला मात्र जुनी धमाल आठवून चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं, खोटं कशाला बोलू.

निवृत्तीच्या दिवशी शाल झाली, नारळ झाला. बाईंनी भाषण करायला साफ नकार दिला. मी त्यांना स्कूटरवरून बसस्टँडवर सोडायला गेलो. ब्रह्मपुरीची गाडी लागली आहे असं एका हमालानं सांगितलं, तर बाईंनी आधी पाटी वाचली, मग कंडक्टरला विचारलं आणि मग पिशवी आत ठेवली. त्या खिडकीशी बसल्यावर मला राहवलं नाही. म्हटलं, "बाई, आता तरी सांगा. जिवती, सिरोंचा आणि बहीण. त्यातली खरी कोणती?"

बाईंनी खिडकीच्या गजावर हात ठेवला. वाटलं, हसतील. त्या हसल्या नाहीत.

"तिन्ही," त्या म्हणाल्या. "तिन्ही येळी मले समजत होतं, भाऊ. अन् तिन्ही येळी मी हो म्हनली."

गाडी सुटली. बाईंच्या कुठल्याही बोलण्यावर, त्या पायरीपासून, मी सहसा तपासल्याशिवाय विश्वास ठेवला नव्हता. त्या दिवशी ठेवला, आणि स्कूटर तिथेच सोडून किती तरी वेळ स्टँडच्या बाकावर बसून राहिलो.